निसर्गचित्रातल्या गाळलेल्या जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी तरुण चित्रकार जलरंगात काम करते, जागेवर बसून निसर्गचित्रं करते. एका प्रदर्शनात तिला ऐकवलं गेलं की जग तापत असताना घाट, देऊळ आणि पिंपळाची सावली रंगवत बसणं म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढून घेणं. तेव्हापासून हात अडलाय. तिचे प्रश्न असे: वितळणारं बर्फ रंगवावं का? इन्स्टॉलेशनकडे, म्हणजे वस्तू मांडून केलेल्या कलाकृतींकडे, वळावं का? की लँडस्केप हा प्रकारच आता संपला? आणि शेवटी जरा दबकत विचारलंय, की वेगळं काही केलं तर ते विकलं जाईल का?

ब्रश खाली ठेवू नका, हे आधी सांगतो. मात्र ऐकवणाऱ्याचं म्हणणं पुरतं झटकूनही टाकू नका. त्याने बोट चुकीच्या जागी ठेवलं, दुखणं खरं आहे. घाट रंगवण्यात काही गैर नाही. घाट रंगवताना आपण काय काय गाळतो, गोम तिथे आहे.

मेणवलीचा घाट घ्या. वाईला लँडस्केपच्या सहलीला गेलेला प्रत्येक विद्यार्थी तिथे एकदा तरी बोर्ड मांडून बसलेला असतो. नाना फडणवीसांचा वाडा, घंटेचं देऊळ, पायऱ्या, कृष्णेतलं प्रतिबिंब. नजरेच्या टप्प्यात विजेचा खांब असतो, तारा असतात, पलीकडे एखादी पत्र्याची शेड, काठाला अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. मागून शिक्षक येतात आणि म्हणतात, ‘तो खांब नको घेऊस, कॉम्पोझिशन मार खातं.’ आपण खांब गाळतो, मग तारा, मग शेड. त्याजागी एक घागर घेतलेली बाई टाकतो, कारण तिथे ‘फिगर हवी’. तासाभरात कागदावर जे उतरतं ते शंभर वर्षांपूर्वीचं मेणवली असतं, तेही जसं कधी नव्हतंच तसं. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. तिथून परतलेल्या वह्या चाळून बघा. ढग असतात, गवत असतं, दरी असते. पवनचक्क्या पाठीमागे राहिलेल्या असतात, कारण चित्रकार त्यांच्याकडे पाठ करून बसला होता.

ही सवय आपल्यात आली कुठून? ब्रिटिश जलरंगाची परंपरा जे. जे. कलाशाळेमार्फत मुंबईला आली आणि तिच्याबरोबर ‘चित्रात घेण्याजोगं’ काय याची एक यादीही आली. आपल्या लोकांनी त्या परंपरेतून फार मोठं काम केलं, यात वाद नाही. आबालाल रहिमानांची कोल्हापूरच्या कोटीतीर्थाच्या परिसरातली चित्रं किंवा परांडेकर, हळदणकरांचे जलरंग समोर ठेवले की आजही हात जोडावेसे वाटतात. पण यादी यादीच असते. तिच्यात कारखान्याची चिमणी बसत नाही.

ज्या चित्राला जगभर शांत खेड्याचा नमुना मानतात, त्या जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराच्या ‘द हे वेन’ची गोष्टही हीच आहे. १८२१चं चित्र. सफकमधली स्टूर नदी, पाण्यात उभी बैलगाडीसारखी घोडागाडी, डावीकडे घर, लांब शेतात दिसतील न दिसतील एवढे मजूर. त्याच भागात १८१६ आणि १८२२ साली भुकेल्या शेतमजुरांनी दंगे केले होते. चित्रात त्याचा मागमूस नाही. १९८०मध्ये पीटर केनार्ड या ब्रिटिश कलावंताने फोटोमोंताज, म्हणजे चित्रांची कापाजोड, करून त्याच गाडीत क्रूझ क्षेपणास्त्रं भरली. आणि जुलै २०२२मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत ‘जस्ट स्टॉप ऑइल’ या हवामान आंदोलनाच्या दोन तरुणांनी मूळ चित्रावर कागदी आवृत्ती चिकटवली. तिच्यात नदीच्या जागी डांबरी रस्ता होता, आकाशात विमानं होती. चित्र नासवण्याचा प्रकार मला पटत नाही, आणि फ्रेमला हात चिकटवून बसण्यात मला नाटकच जास्त दिसतं. तरी एक कबूल करायला हवं. व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांच्या चित्रावर सूप फेकणाऱ्यांपेक्षा या दोघांनी जास्त डोकं लावलं होतं. लोकांच्या मनात देश म्हणून जे दृश्य बसलंय त्याच दृश्यात त्यांनी हात घातला. आपल्याकडे असं दृश्य कोणतं? दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, झोपडी आणि वाकडं नारळाचं झाड. शाळेतली ती ‘सीनरी’ आपण पुढे उत्तम कागदावर, महागड्या रंगांत करत राहतो.

आता बर्फाबद्दल. हवामान बदल म्हटला की डोळ्यांपुढे हिमनग येतो, आणि त्या चित्रांनी खरंच काम केलंय. ओलाफुर एलियासन या डॅनिश-आइसलँडिक कलावंताने भूशास्त्रज्ञ मिनिक रोसिंगच्या साथीने ग्रीनलंडच्या फ्योर्डमध्ये तरंगणारे बर्फाचे मोठे खडक उचलून शहरांत आणून ठेवले. २०१४मध्ये कोपनहेगन, २०१५च्या हवामान परिषदेच्या वेळी पॅरिसच्या पँथिऑनसमोर, २०१८मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नबाहेर. लोक बर्फाला कान लावून उभे राहत. आत हजारो वर्षं कोंडलेली हवा फुटताना तडतडते, तो आवाज. बर्फ आणायला किती कार्बन जाळला, हा प्रश्न लगेच आला, आणि त्यांनी तो हिशेब करवून जाहीरही केला.

मला स्वतःला त्याच एलियासनचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. १९९९मध्ये त्याने आइसलँडच्या हिमनद्यांचे विमानातून फोटो काढले होते. २०१९मध्ये तो परत गेला, त्याच जागा, जमेल तितका तोच कोन. तीस जोड्या शेजारी शेजारी लावल्या. बस, एवढंच. डावीकडे बर्फ, उजवीकडे खडक. कुठे फरक मोठा, कुठे बारीक, आणि बारीक फरक शोधताना आपण ज्या एकाग्रतेने बघतो तसं आपण हिमनद्यांचे नेहमीचे फोटो कधीच बघत नाही. चौकातला बर्फ दहा-बारा दिवसांत गटारात वाहून गेला. या जोड्यांना वीस वर्षं लागली, आणि ती वीस वर्षं चित्रात दिसतात.

मग तुम्ही बर्फ रंगवावा का? माझं मत: नको. तुम्ही तो बघितलेला नाही. फोटोवरून रंगवलेला हिमनग हा पोस्टकार्डावरून रंगवलेल्या काश्मीरचाच भाऊ. शिवाय लांबच्या संकटाचा एक सोयीचा गुण असतो, ते लांब असतं.

एक धोका मात्र जवळच्या विषयातही आहे, तो म्हणजे सौंदर्याचा. कॅनडाचा छायाचित्रकार एडवर्ड बर्टिन्स्की याने १९९६मध्ये ऑन्टारिओतल्या सडबरीजवळ निकेलच्या खाणीतून बाहेर पडणाऱ्या गाळाचे फोटो काढले. काळ्या जमिनीतून भगवी-लाल नदी वाहतेय. इतकं देखणं की लाव्हा वाटावा. ते विष आहे हे खालची ओळ वाचल्यावर कळतं. यावर टीका करणारे म्हणतात की त्याने विनाशालाही दिवाणखान्यात टांगण्याजोगं केलं. टीका अगदीच पोकळ नाही, पण माझ्या मते फोटो टिकतो तो त्या घोटाळ्यामुळेच: आधी डोळा सुखावतो, मग ओशाळतो. आपल्याकडे जून २०२०मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं तेव्हा हेच झालं. मोबाइलवर फोटो फिरले, लोकांनी ‘वा’ म्हटलं. आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत कारण निघालं ते खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. पाणी आटून क्षारता वाढली की ते फोफावतात. जलपर्णीचंही तसंच. नदी गुदमरलेली असते आणि वर सुंदर जांभळी फुलं असतात. जलरंगात ती फुलं उतरतात फार छान. तुम्ही ती रंगवलीत तर मी नाक मुरडणार नाही. फक्त पाण्याचा एक तुकडा तरी दाखवा, म्हणजे पान कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं हे बघणाऱ्याला शोधावं लागेल.

आता दोन कामांबद्दल सविस्तर बोलतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे.

पहिलं प्रभाकर पाचपुते यांचं. १९८६चा जन्म, गाव सास्ती, राजुरा तालुका, जिल्हा चंद्रपूर. कोळसा खाणीचं गाव. घरातल्या तीन पिढ्या खाणीत राबलेल्या. त्यांनी खैरागडला शिल्पकला शिकली, मग बडोद्याला. चंद्रपूरकडे कधी गेला असाल तर हा भाग डोळ्यांपुढे येईल. सपाट कापसाचं रान, आणि अचानक समोर टेकड्या. बाहेरचा माणूस त्यांना टेकड्याच समजतो. त्या खुल्या खाणीतून उपसून टाकलेल्या मातीच्या आहेत. जिथे उंचवटा दिसतो तिथे कुणाचं तरी शेत उलटं करून ठेवलंय, आणि शेजारी तेवढाच खड्डा आहे. त्याच जिल्ह्यात २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे. त्या विजेवर आपल्या शहरांतले दिवे लागतात, गॅलरीतले स्पॉटलाइटही.

पाचपुते हे कशाने रंगवतात? कोळशाने. लाकडी कोळशाची कांडी, थेट भिंतीवर, कधी अख्ख्या खोलीभर. प्रदर्शन संपलं की भिंत पुसली जाते, वर पांढरा रंग बसतो. २०१२मध्ये मुंबईच्या क्लार्क हाउसमध्ये त्यांनी ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ केलं तेव्हापासून ही भाषा त्यांनी घडवत आणलीय. त्यांच्या चित्रात जमीन मागे पसरलेली नसते. ती माणसाच्या अंगात घुसलेली असते. कुणाच्या धडावर डोक्याच्या जागी दिवा, कुणाच्या डोक्याच्या जागी यंत्र. माणूस, जनावर आणि अवजार एकमेकांत मिसळलेलं. निसर्गचित्रात माणूस ‘फिगर’ म्हणून नंतर टाकायचा असतो, मापाला, हे आपण शिकलो. इथे तो टाकलेला नाही, जमिनीबरोबर खणून वर काढलेला आहे. पुढे वेल्समधल्या ‘आर्टेस मुंडी’ या कला पुरस्काराच्या प्रदर्शनासाठी त्यांनी तिथल्या खाण कामगारांच्या इतिहासाशी सास्ती जोडली. २०२१मध्ये तो पुरस्कार सहाही कलावंतांत वाटला गेला, त्यात ते होते, आणि २०२२च्या व्हेनिस बिएनाले या मोठ्या कला प्रदर्शनातही त्यांचं काम लागलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की या चित्रांत हवामान बदल असा शब्दही नाही. कोळसा आहे, आणि तो काढणाऱ्यांचं घर आहे. तापमानवाढीची गोष्ट ज्या टोकाला सुरू होते त्या टोकावरून हा माणूस बोलतो. वितळणारा बर्फ हे त्याच गोष्टीचं दुसरं टोक.

दुसरं काम चित्रपटकार अमर कन्वर यांचं, ‘द सॉव्हरिन फॉरेस्ट’. २०१२मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ या कला प्रदर्शनात ते लोकांनी बघितलं, भुवनेश्वरलाही मांडलं गेलं. त्यात एक चित्रफीत आहे, २०११ची, बेचाळीस मिनिटांची: ‘द सीन ऑफ क्राइम’. ओडिशातली भाताची खाचरं, वाऱ्यात हलणारं गवत, झाडं, नदीकाठ, पाण्यावर उतरलेला उजेड. निवेदन नाही. कुणी घरंदाज निसर्गप्रेमी बघेल तर म्हणेल, किती प्रसन्न. पण जवळजवळ प्रत्येक दृश्य अशा जमिनीवर टिपलंय जी उद्योगांसाठी संपादित होण्याच्या रांगेत आहे. गुन्हा अजून व्हायचाय, आणि आपण घटनास्थळ बघतोय. एवढी माहिती कळली की त्याच गवताकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो. चौकटीत एक खड्डा नाही, एक यंत्र नाही. सोबत शेकडो जातींचं देशी भाताचं बियाणं मांडलेलं, लहान लहान कप्प्यांत. ते बघायला थांबलेला माणूस आपोआप वाकतो आणि लेबलं वाचू लागतो.

तुमच्या अडलेल्या हातासाठी मी हे मुद्दाम सांगतोय. सुंदर शेत सुंदरच दाखवूनही ते भोळं राहत नाही, जर ते कोणतं शेत, कुठलं, कधीचं हे चित्राच्या सोबत असेल. ‘ग्रामीण दृश्य’ असं शीर्षक दिलं की ते कुणाचंच शेत राहत नाही. गट नंबर दिला की ते कुणाचं तरी होतं. प्रदर्शनाच्या यादीत ‘सायंकाळ’, ‘पावसानंतर’, ‘कोकण १’, ‘कोकण २’ अशी शीर्षकं वाचली की मला आजकाल चुकल्यासारखं होतं. कोकण कुठलं? बारसूच्या सड्यावरचं, जिथे कातळशिल्पं आहेत आणि जिथे २०२३मध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणावरून गावकरी सड्यावर झोपले होते, की गणपतीपुळ्याच्या हॉटेलच्या गच्चीवरचं?

आता जरा हस्तकौशल्याचं बोलू, कारण समीक्षक ते बोलत नाहीत आणि आपलं पोट त्यावर आहे.

लांबचा डोंगर निळा, हे आपण पहिल्या वर्षी शिकतो. अल्ट्रामरिन, त्यात थोडा बर्न्ट सिएना, भरपूर पाणी, आणि एका हाताने वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून अंतर निळं दिसतं. भौतिकशास्त्र ठीक आहे. पण डिसेंबरच्या सकाळी मुंबईच्या आसपास कुठल्याही टेकडीवर बोर्ड मांडा आणि खरोखर बघा. धूळ आणि धुराचे कण रेणूंपेक्षा मोठे असतात, ते सगळेच रंग विखुरतात, म्हणून अंतर पांढुरकं, दुधाळ होतं. त्यात नायट्रोजन डायऑक्साइड निळा प्रकाश शोषतो, त्यामुळे पट्टा तपकिरी दिसतो. वर उबदार हवेचं झाकण बसलेलं असतं, म्हणून या पट्ट्याला वरची कड असते, जवळजवळ पट्टीने आखल्यासारखी. कडेच्या वर निळं आकाश, खाली मातकट. हे दृश्य निळ्या वॉशने निघत नाही. पॅलेटवर यलो ऑकर आणि थोडा लाइट रेड घ्या, त्याला किंचित कोबाल्टने विझवा, ओल्या कागदावर पसरवा, आणि वरची कड सुकायच्या आत कोरड्या ब्रशने आडवी उचला. ती कड धूसर करायचा मोह होतो, कारण धूसर छान दिसतं. तो आवरा. ती कडच बातमी आहे.

हे काही मी नवं सांगत नाही. २०२३मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात अॅना ली ऑल्ब्राइट आणि पीटर हायबर्स यांचा अभ्यास आला. इंग्लंडचा टर्नर आणि फ्रान्सचा मोने यांच्या सुमारे शंभर चित्रांतला धूसरपणा, कडांचा विरळपणा मोजून त्यांनी तो त्या काळातल्या लंडन-पॅरिसच्या गंधकाच्या धुराशी ताडून पाहिला, आणि दोन्ही आलेख एकमेकांच्या मागे चालताना दिसले. त्याआधी २००७मध्ये ग्रीसच्या झेरेफोस आणि सहकाऱ्यांनी जुन्या सूर्यास्तांच्या चित्रांतलं लाल-हिरव्याचं प्रमाण मोजून ज्वालामुखीच्या राखेचा माग काढला होता. १८१५च्या तांबोरा स्फोटानंतरचे सूर्यास्त जास्त लाल निघाले. कलेचे अभ्यासक यावर कुरकुरतात. शैली म्हणून काही असतं की नाही, म्हातारपणी डोळे अधू होतात की नाही? कुरकुर रास्त आहे. मात्र त्यातून आपल्यासाठी एक गोष्ट उरतेच. डोळ्याला दिसलं ते प्रामाणिकपणे कागदावर ठेवलं की दोनशे वर्षांनी कुणीतरी त्यातून हवा मोजू शकतं. सरावातल्या निळ्या वॉशमधून कुणी काही मोजू शकणार नाही.

हिरव्याबद्दलही असंच. पावसाळी सह्याद्रीचा हिरवा आपण सॅप ग्रीनच्या एका ट्यूबवर भागवतो. जवळ जाऊन बघा: कुठे टणटणी माजलीय, कुठे ग्लिरिसिडियाची एकसुरी लागवड, कुठे खरं जंगल. तिन्ही हिरवे वेगळे आहेत. आणि त्या हिरव्यात लाल-तपकिरी ओरखडे आहेत. ३० जुलै २०१४ला माळीण गेलं, जुलै २०२१मध्ये तळिये, जुलै २०२३मध्ये इर्शाळवाडी. दरड कोसळल्याची जखम लांबूनही ओळखू येते, डोंगराच्या उतारावर जिभेसारखी खाली आलेली. पहिल्या वर्षी ओली लाल, पुढे गवत चढतं. चित्रात ती येते का? बहुतेक वेळा डोंगर ‘स्वच्छ’ होऊन येतो.

पण दरड कोसळल्यावर लगेच तिथे बोर्ड घेऊन जाऊ नका. लोक माणसं शोधत असताना आपण कॉम्पोझिशन शोधणं शोभत नाही, आणि त्या वेळची चित्रं बहुधा वाईटही होतात.

इन्स्टॉलेशनकडे वळावं का, याचं उत्तर छोटं आहे. हातात ते असेल तर वळा. केरळच्या २०१८च्या पुरानंतर कोचीच्या बिएनालेत बांगलादेशच्या मार्झिया फरहानाने पुरात खराब झालेलं घरगुती सामान छतापासून टांगलं होतं. फ्रीज, पुस्तकं, खुर्च्या. ते काम कागदावर झालंच नसतं. पण फॅशन म्हणून कोपऱ्यात वाळूचा ढीग ओतून वर दिवा सोडायचा असेल तर त्यापेक्षा चांगला वॉश बरा.

क्षितिजाची रेषा कुठे ठेवायची, या आपल्या पहिल्या प्रश्नालाही पर्याय आहे, तोही घराजवळ. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रं बघा. त्यात लांब-जवळ नाही. जाळं, मासे, माणसं, वारूळ, झाड एकाच पातळीवर. बघणारा टेकडीवर बसून खाली बघत नाही, तोही तिथेच कुठेतरी असतो. २००३मध्ये ड्यूसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश ‘लँड आर्टिस्ट’बरोबर मशे यांचं काम लागलं, तेव्हा बरोबरीचे दोन भूदृश्यकार म्हणून लोकांनी ते बघितलं. तुम्ही उद्यापासून वारली काढा असं मी म्हणत नाही. कुणाची भाषा उसनी घेऊन ती आपली होत नाही. फक्त क्षितिज हा नियम नव्हे, एक निवड आहे, एवढं ध्यानात असू द्या.

गोव्याचं मोलेंही सांगण्यासारखं आहे. २०२०मध्ये मोलेंच्या जंगलातून रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि वीजवाहिनी असे तीन प्रकल्प एकदम पुढे आले. ‘आमचें मोलें’ चळवळीत चित्रकार आणि शास्त्रज्ञ एकत्र बसले. त्यांनी जंगलाचं ‘दृश्य’ फारसं रंगवलं नाही, तिथे राहणारे जीव एकेक करून काढले. बेडूक, फुलपाखरू, मुळं, कातळावरची वनस्पती. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या कामाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. हे चित्रांनी झालं असं म्हणणं बाष्कळपणाचं, ते कागदपत्रांनी आणि वकिलांनी झालं. चित्रांमुळे इतकंच झालं की मोलें कुठे आहे हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही तिथलं काय जाणार हे नावानिशी कळलं.

तर तुम्ही नेमकं काय करावं? एक जागा धरा. घरापासून बसने जाता येईल अशी, शक्यतो फारशी सुंदर नसलेली. आणि तिथे वर्षानुवर्षं जा. सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत होते आणि ठाणे, उल्हासनगर, लोअर परळ रंगवत होते. ‘टाउन’ १९८४चं, ‘लोअर परळ’ २००१चं. मधल्या काळात गिरण्या गेल्या, पूल आले, माणसांची उभं राहण्याची तऱ्हासुद्धा बदलली, आणि ते सगळं त्या चित्रांत आहे, कारण चित्रकार जागचा हलला नाही. त्यांना कुणी हवामानाचा चित्रकार म्हणत नाही. पण मुंबईच्या काठावरची जमीन कशी बांधकामाखाली गेली हे बघायचं तर मी आधी त्यांची चित्रं उघडून बघेन.

तुम्ही कोल्हापूरच्या आहात असं लिहिलंय, म्हणजे जागा शोधायची गरजच नाही. पंचगंगेचा घाट आहे. या घाटाची जितकी चित्रं झालीत तितकी महाराष्ट्रात क्वचितच कुठल्या जागेची झाली असतील. त्यातल्या बहुतेकांत पाणी पायऱ्यांच्या खाली, शांत आणि प्रतिबिंबासकट. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पाटबंधारे खातं पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखतं. शहरात फिरून त्या रेषा प्रत्यक्षात कुठल्या भिंतीवरून, कुठल्या दुकानाच्या पाटीवरून जातील ते बघा. पुराच्या पाण्याने भिंतींवर सोडलेली गाळाची पट्टी अजून काही ठिकाणी दिसते, वर रंग दिला तरी खालून फुगलेला गिलावा ओळखू येतो. ती पट्टी डोळ्याच्या उंचीवर असते, आणि रस्त्यावर उभं राहून चित्र काढताना आपण क्षितिज नेमकं तिथेच आखतो.

दर वेळी कागदाच्या मागे तारीख, वेळ, जागा लिहा. त्या दिवशीची बंधाऱ्याची पातळी वर्तमानपत्रात येते, तीही लिहा. जमलं तर कागद किती वेळात सुकला तेही. एप्रिलमध्ये दुसरा ब्रश लावेपर्यंत पहिला वॉश वाळून जातो, आणि अवकाळीच्या ढगाळ दुपारी तोच वॉश अर्धा तास ओला राहतो. ही नोंद तुमच्याशिवाय कुणाकडे नसेल. खांब आणि तारा गाळू नका. जिथे तारेने कॉम्पोझिशन खरंच मार खातंय तिथे तुम्ही बसायची जागा बदला, तार नको.

विक्रीचं खरं सांगतो. एकटं सुटं चित्र, ज्यात मातकट आकाश आणि गाळाची पट्टी आहे, ते घाटाच्या सोनेरी सकाळपेक्षा कमी विकलं जाईल. लोकांना दिवाणखान्यात बसून पूर आठवायचा नसतो, आणि त्यात त्यांचं फारसं चुकतही नाही. पण एकाच जागेची, एकाच मापाची, तारखांसकट मालिका असेल तर तिचं गिऱ्हाईक वेगळं असतं: संग्रहालयं, वास्तुविशारद, विद्यापीठं, कधी एखादा संग्राहक. त्यांना ती मालिका फोडून विकू नका. एखाद्याने मधलंच एक चित्र मागितलं तर त्याच दिवशी त्याच जागेवर दुसरं काढून ठेवलेलं असेल तरच द्या. तोवर सोनेरी सकाळही करा, विका, घरभाडं भरा. फक्त तिच्यामागेही तारीख लिहा.